साठ फुटांवरचा बेचका

हौशी रेडिओचा संच आज पेटीत बंद होऊन घरपोच येतो. शंभर वॉटचा, सहज उचलून नेता येईल एवढा. आणि दिवसाची वेळ व सूर्याची मर्जी जुळली, तर तेवढ्या शक्तीवर पुण्यातला माणूस जपानमधल्या माणसाशी बोलतो. संचाला जोडायची तार त्याहून साधी. तांब्याची वायर, मधोमध एक जोड, दोन टोकांना दोन इन्सुलेटर. हे सगळं घरच्या घरी बनवता येतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. ही तार जमिनीपासून पंधरा-वीस मीटर उंच न्यायची, दोन्ही बाजूंनी ताणायची आणि वारा-पावसात टिकवायची. तिथवर घरातली शिडी पोचत नाही.

लोखंडी मनोरा उभारता येतो, पण त्याला पाया लागतो, ताण द्यायच्या तारा लागतात, परवानगी लागते आणि शेजाऱ्यांची संमतीही लागते. म्हणून जगभरातल्या हॅम मंडळींनी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी, फार पूर्वीच झाडाकडे पाहायला सुरुवात केली. अमेरिकेच्या पूर्व भागात घरामागे ओक, पाइन, ट्युलिप पॉप्लर यांची सत्तर-ऐंशी फुटी झाडं सहज उभी असतात. तिथे झाडावर दोर चढवण्याच्या कामाची एक पूर्ण कारागिरीच घडली आहे. तिची अवजारं वेगळी, गाठी वेगळ्या, आणि कोणतं वजन किती जाडीच्या धाग्याला बांधावं यावरचे वाद तर वर्षानुवर्षं चालत आलेले. रेडिओच्या या छंदात हाताचं खरं कौशल्य आता इथेच शिल्लक राहिलं आहे, असं मला ठामपणे वाटतं. संच कारखान्यात बनतो, संदेश संगणक उलगडतो. फांदीवरून दोर मात्र ज्याचा त्यालाच टाकावा लागतो.

उंचीसाठी एवढा आटापिटा का, हे आधी समजून घ्यायला हवं. या छंदातली पायाभूत अँटेना म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची तार, डायपोल. तिच्या लांबीचं सूत्र प्रत्येक हॅमला पाठ असतं: १४२.६ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. ७.१ मेगाहर्ट्झला सुमारे २० मीटर तार लागते, १४.२ ला सुमारे १०. सूत्र लांबी सांगतं, उंचीबद्दल काहीच सांगत नाही. आणि तार कुठवर बोलेल हे बरंचसं उंचीवर ठरतं. तारेतून निघालेली लहर चहूकडे जाते, तिचा एक भाग जमिनीवर आदळून परततो आणि थेट वर जाणाऱ्या लहरीत मिसळतो. हे मिसळणं काही दिशांना जोर देतं, काही दिशांना मारक ठरतं. तार जमिनीपासून पाव तरंगलांबीवर असेल, तर सगळ्यात जास्त शक्ती सरळ डोक्यावर जाते. अर्ध्या तरंगलांबीवर ती क्षितिजापासून सुमारे तीस अंशांवर झुकते, पूर्ण तरंगलांबीवर पंधरा अंशांच्या आसपास. जितकी झुकलेली लहर, तितक्या दूर ती वातावरणाच्या वरच्या भागातल्या आयनोस्फिअरला जाऊन भिडते आणि तितक्या दूर खाली उतरते.

आता दहा मीटर उंचीची एक फांदी घेऊ. १४ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे वीस मीटर बँडच्या तारेला ती उंची जवळजवळ अर्धी तरंगलांबी भरते. तिथून दूरचे खंड ऐकू येतात. त्याच फांदीवर ७ मेगाहर्ट्झची, चाळीस मीटर बँडची तार टांगली, तर तिच्या दृष्टीने ही उंची जेमतेम पाव तरंगलांबी. तिची लहर डोक्यावर चढते, आयनोस्फिअरच्या अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या एफ थरावरून परतते आणि आपल्याभोवती तीन-चारशे किलोमीटरच्या परिसरात पावसासारखी खाली उतरते. हा तोटा नाही. सह्याद्रीच्या एका बाजूला उभं राहून हातातल्या व्हीएचएफ संचावर दुसऱ्या बाजूच्या गावाशी बोलायला गेलं की डोंगर आडवा येतो. वरून उतरणाऱ्या लहरीला डोंगराची अडचण नाही. पुरात किंवा भूकंपात जिल्ह्याजिल्ह्यांत निरोप पोचवायचे असतील, तर हीच बेताची उंची हवी असते. दूरदेशी बोलायचं असेल, तर याच बँडसाठी वीस-एकवीस मीटर वर जावं लागतं. फांदी निवडण्याआधी आपल्याला बोलायचंय कोणाशी, हे ठरलेलं असावं लागतं.

नवखा माणूस शेंड्याकडे नेम धरतो. शेंड्याजवळच्या फांद्या बारीक असतात, वाऱ्यात सगळ्यात जास्त त्याच हलतात आणि ओल्या दोराच्या वजनाने मोडतात. जाणता माणूस आधी झाडाभोवती एक पूर्ण फेरी मारतो. खालून दोन-तृतीयांश उंचीवर, हाताच्या मनगटाएवढी तरी जाड फांदी, तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा, आणि जमल्यास असा बेचका की दोर त्यात बसला की बाजूला सरकणार नाही, असं ठिकाण तो शोधतो. मग झाडाच्या पलीकडे जाऊन पाहतो. चुकलेलं वजन पुढे जाऊन कुठे पडेल? तिथे गाडी आहे का, खिडकी आहे का, मूल खेळतंय का? आणि सर्वांत महत्त्वाचं: जवळपास विजेची तार आहे का? अँटेनाची तार किंवा दोर तुटून, झोका खाऊन, कसाही पडला तरी विजेच्या तारेला शिवता कामा नये, एवढं अंतर हवंच. या छंदात माणसं दगावली आहेत ती बहुतेक इथेच. विजेची तार दिसली की ते झाड सोडायचं, मग ते कितीही उंच असो.

सर्वांत लोकप्रिय अवजार म्हणजे मनगटाला टेकू असलेली गलोल, आणि तिच्या दांड्याला बसवलेलं मासेमारीचं रीळ. रीळ कोणतं, याला फार महत्त्व आहे. ज्यात चाक फिरून दोरा सुटतो असं रीळ इथे चालत नाही. चाकाला वेग घ्यायला वेळ लागतो, तेवढ्यात वजनाची गती मरते, आणि वजन थांबल्यावरही चाक फिरत राहून गुंता करतं. म्हणून ज्याचं चाक स्थिर राहतं आणि ज्याच्या पुढच्या कडेवरून तंगुसाचा धागा वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटत जातो, असं रीळ घेतात. धागा भडक पिवळा किंवा नारिंगी असावा, कारण हिरव्या पानांत पारदर्शक तंगूस कोणालाच दिसत नाही, आणि धागा कोणत्या फांदीवर बसला हे दिसलं नाही तर पुढचं सगळं काम आंधळेपणाने होतं. टोकाला तीस ते साठ ग्रॅमचं, नासपतीच्या आकाराचं गुळगुळीत वजन. पूर्वी ते सर्रास शिशाचं असायचं. शिसं पक्ष्यांना आणि मातीला घातक आहे, त्यामुळे लोखंडी किंवा पितळी वजन वापरावं असं माझं मत आहे, जरी ते त्याच आकारात थोडं हलकं भरत असलं तरी.

वजन फांदीच्या वर जाणं, हा या कामातला सोपा भाग. गलोल नीट ताणली, सूर्य पाठीशी घेतला आणि झाडापासून थोडं मागे उभं राहिलं, की साठ फूट उंची साधते. कस लागतो तो वजन खाली येताना. धागा फांदीवर टेकला की साल त्याला धरून ठेवते. घर्षण साध्या बेरजेने वाढत नाही. धाग्याला फांदीभोवती जितका वळसा पडेल, तितकं ते पटींनी वाढतं. एका फांदीवरून अर्धा वळसा घेऊन गेलेला धागा पन्नास ग्रॅमच्या वजनाने सुरेख खाली उतरतो. तोच धागा वाटेत तीन फांद्यांवरून गेला असेल, तर वजन मधेच लोंबकळत राहतं. ओकची साल खरबरीत, तिच्यावर तर हे हमखास होतं. अशा वेळी ओढायचं नाही. धाग्याला ढील द्यायची, हलकासा झटका, पुन्हा ढील. वजन वीतभर खाली येतं, थांबतं, आणखी वीतभर येतं. या पद्धतीने वीस मीटर उतरायला बराच वेळ लागतो, आणि तो वेळ देण्याची ज्याची तयारी आहे त्याचाच दोर वर जातो.

वजन बेचक्यात रुतलं, तर मोह होतो जोर लावण्याचा. तंगूस रबरासारखा ताणतो. वजन सुटलं की तो सगळा ताण त्या वजनात उतरतो, आणि ते ज्या हाताने ओढलं त्याच्याच दिशेने येतं. म्हणून डोळ्यांवर जाड चष्मा हवा, डोक्यावर हेल्मेट हवं, आणि ओढताना धाग्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. ताण वाढला की धागा तोडून वजनावर पाणी सोडलेलं बरं. आणखी एक युक्ती, जी सांगितल्याशिवाय सहसा सुचत नाही: नेम चुकून धागा भलत्या फांदीवर बसला आणि वजन जमिनीवर आलं, तर ते वजन आधी सोडून घ्यायचं आणि मग नुसता धागा मागे ओढायचा. वजनासकट मागे ओढलं, तर ते परतीच्या वाटेवर कुठेतरी नक्की अडकतं.

धागा दोन्ही बाजूंनी खाली आला की काम झालं असं बघ्यांना वाटतं. तंगुसाने अँटेना वर जात नाही. त्याच्या टोकाला गवंडी भिंतीची ओळ धरायला वापरतात तशी दोन मिलिमीटरची नायलॉन दोरी बांधायची आणि ती वर ओढून पलीकडे उतरवायची. तिच्या टोकाला पाच मिलिमीटरचा दोर. प्रत्येक टप्प्याला जाडी बेतानेच वाढवायची, कारण तंगुसाने थेट जाड दोर ओढायला गेलं तर तो सालीवर कापला जातो. दोन दोऱ्या जोडताना गाठीचा गोळा होऊ द्यायचा नाही. दोन्ही टोकं एकमेकांशेजारी ठेवून, एकापुढे एक छोट्या गाठी मारून, वरून वीजकामाची चिकटपट्टी अशी गुंडाळायची की जोड पुढच्या बाजूला निमुळता होत जाईल. गोल गाठ बेचक्यात अडते. निमुळता जोड सरकून जातो. या एका जोडावर जाणकार माणूस जितका वेळ घालवतो, तितका तो नेमावरही घालवत नाही.

गलोल नको असेल, तर हात आहेच. झाडं छाटणारे व्यावसायिक अमेरिकेत आणि युरोपात छर्ऱ्यांनी भरलेली पिशवी वापरतात, वजन साधारण तीनशे ते साडेचारशे ग्रॅम, आणि तिला बांधलेली दोन मिलिमीटरची अतिशय गुळगुळीत दोरी. पिशवी दोन पायांच्या मधून लंबकासारखी झुलवायची आणि पुढच्या झोक्याच्या शेवटी, हात डोळ्यांसमोर येता-येता, सोडायची. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणाऱ्याने गोफण फिरवताना जो क्षण पकडलेला असतो, तोच क्षण इथे लागतो. जरा आधी सुटली तर पिशवी खालच्या फांदीत घुसते, जरा उशिरा सुटली तर डोक्यावर येते. सरावलेला माणूस अशी पिशवी पन्नास फुटांवर टाकतो. तिचा फायदा म्हणजे वजन भरपूर, त्यामुळे खाली यायला ती कुरकुर करत नाही. दोरी जमिनीवर पसरलेली असली तर गवताची काडीसुद्धा तिला अडकवते, म्हणून ती बादलीत सैल टाकून ठेवतात. याच पिशवीसाठी आठ फुटी काठीवर बसवलेली मोठी गलोलही मिळते, ‘बिग शॉट’ नावाची. ती शंभर फुटांवरही पोचते.

याहून मोठी अवजारं आहेत. धनुष्यबाण, टोकाला रबर लावलेला बाण आणि रीळ. सायकलच्या पंपाने हवा भरायची आणि पाइपातून टेनिस बॉल उडवायचा, अशी घरगुती तोफ. तिच्याबद्दल एकच सांगतो: पाण्याचा पीव्हीसी पाइप दाबाखालच्या हवेसाठी बनलेला नसतो, फुटला तर त्याचे धारदार तुकडे होतात, आणि निव्वळ हौसेसाठी हा धोका पत्करू नये. ड्रोनने दोर नेणं सोपं झालं आहे, पण त्याचे पंखे आणि फांद्या यांचं जमत नाही. वरून धागा नेऊन झाडाच्या पलीकडे वजन सोडायला तो उत्तम, बेचका गाठायला नाही.

तार वर नेण्याचा हा प्रश्न रेडिओइतकाच जुना आहे. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर मार्कोनीने अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्याची सुमारे दीडशे मीटर लांबीची तार एका पतंगाने धरून ठेवली होती. आधी वर सोडलेला फुगा वाऱ्याने तोडून नेला होता. झाडाशी रेडिओचं नातं त्यापुढे एका अमेरिकी सैनिकी अधिकाऱ्याने फार निराळ्या रीतीने जोडलं. जॉर्ज ओवेन स्क्वायर १९०४ साली कॅलिफोर्नियात अ‍ॅटास्काडेरोच्या सैनिकी छावणीत होता. निलगिरीच्या झाडात खिळा ठोकून त्याला तार जोडली, तर झाड स्वतःच अँटेनासारखं वागतं, असं त्याच्या लक्षात आलं. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरचा प्रमुख झाला, आणि १९१९ मध्ये त्याने झाडांद्वारे टेलिफोनी व टेलिग्राफी या विषयावर लेख प्रसिद्ध केला. वॉशिंग्टनजवळच्या झाडांमधून युरोपातल्या मोठ्या केंद्रांचे संदेश पकडल्याचं त्यात सांगितलं होतं. पुढे पनामाच्या घनदाट जंगलातही अमेरिकी सैन्याने झाडांचा अँटेना म्हणून वापर करून पाहिला. झाडाच्या आतून वाहणारा रस वीज थोडीफार वाहतो, त्यामुळे हे घडतं. पण तो वाहक फार कमजोर. तांब्याची तार झाडात ठोकण्यापेक्षा झाडावरून टांगलेली कितीतरी चांगली, आणि झाडाला इजाही नाही. हॅम मंडळींनी स्क्वायरचा खिळा सोडून दिला आणि दोर धरला, हे योग्यच झालं.

वर्षातून एकदा ही कारागिरी उघड्यावर पाहायला मिळते. अमेरिकन रेडिओ रिले लीग ही १९१४ साली स्थापन झालेली हौशी रेडिओची संघटना १९३३ पासून ‘फील्ड डे’ भरवते. जूनच्या चौथ्या पूर्ण शनिवार-रविवारी अमेरिका आणि कॅनडातले हजारो हॅम मैदानांत, बागांत, शेतांत तंबू ठोकतात. वीज जनरेटरची, बॅटरीची किंवा सौरपट्ट्यांची. हेतू असा की घरातलं ठाणं बंद पडलं, वीज गेली, तर मोकळ्या जागेत काही तासांत बोलतं ठाणं उभं करता येतं का, हे दरवर्षी तपासून पाहायचं. अशा ठिकाणी मनोरा नेणं थोड्यांनाच जमतं. बाकीचे झाडांकडे जातात. शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला चार-पाच माणसं मान वर करून उभी दिसतात. एकाच्या हाती गलोल, दुसरा धाग्याकडे डोळे लावून, तिसरा पलीकडे वजन कुठे उतरतंय ते ओरडून सांगणारा. वयाने मोठा माणूस गलोल स्वतः न धरता शाळकरी मुलाच्या हाती देतो आणि मागे उभा राहून फांदी दाखवतो. हे कौशल्य बहुतेक असंच पुढे जात आलं आहे.

आपल्याकडची झाडं वेगळी आहेत आणि त्यांचे स्वभावही. आंब्याची पानं इतकी दाट की वजन आत जातं, बाहेर येत नाही. वडाला फांद्या हव्या तेवढ्या, पण पारंब्यांत धागा अडकला की संपलं. निलगिरी उंच, सरळ, दिसायला आदर्श. पण तिच्या फांद्या वाऱ्यात अचानक तुटून पडतात, तिच्यावर भरवसा ठेवू नये. कोकणात आणि गोव्यात सगळीकडे दिसणारा माड तर या कामाला सगळ्यात फसवा. त्याला फांदीच नाही. झावळीवरून दोर टाकला तर तो तिथे बसतो खरा, पण माड वर्षाला साधारण डझनभर नव्या झावळ्या काढतो आणि तेवढ्याच जुन्या गाळतो. आज ज्या झावळीवर दोर आहे ती एक दिवस दोरासकट खाली येणार. माडावर तार न्यायची तर नारळ पाडायला येणाऱ्या पाडेल्याला विनंती करावी. तो शेंड्याच्या जरा खाली, खोडाला रुंद पट्टा आणि कप्पी बांधून देतो. पट्टा रुंद हवा, म्हणजे खोडाला काचणार नाही, आणि खिळा तर मुळीच नको.

शहरात झाड तोडायला किंवा छाटायला महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, तेव्हा तार नीट बसावी म्हणून परस्पर फांदी तोडणं सोडूनच द्यावं. तार झाडाला जुळवून घेते, झाडाने तारेला जुळवून घ्यावं अशी अपेक्षा चुकीची आहे. आणि तंगुसाचा एक तुकडाही मागे राहू देऊ नये. संक्रांतीनंतर झाडांवर लोंबणाऱ्या नायलॉन मांजात घारी, बगळे, कावळे पंख अडकून मरतात हे आपण दरवर्षी पाहतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली. झाडात अडकलेला तंगूस पक्ष्यासाठी तोच मांजा आहे. धागा अडकला तर तो सोडवून काढेपर्यंत दुसरा नेम धरू नये, हा माझ्या मते या कामाचा पहिला नियम असायला हवा.

दोर वर गेल्यावर खरा शत्रू भेटतो तो वारा. दोन झाडं कधीच एका तालात हलत नाहीत. त्यांच्यामध्ये तार घट्ट ताणून बांधली, तर जूनच्या पहिल्या वादळात ती तुटते. त्यावर उपाय म्हणजे एका बाजूला कप्पी आणि तिच्यावरून खाली आलेल्या दोराच्या टोकाला दगड भरलेली बादली. झाड लांब झुकलं की बादली वर चढते, जवळ आलं की खाली उतरते, आणि तारेवरचा ताण बदलत नाही. बादलीत दगड किती भरायचे ते तार किती झोळते त्यावरून ठरवतात. झोळ थोडा राहिलेलाच बरा. पहिला दोर थेट फांदीवरून फिरता ठेवला, तर तो सालीवर घासून झिजतो, आणि न हलणारा राहिला तर काही वर्षांत साल त्याच्यावरून वाढून त्याला गिळते. म्हणून अनुभवी माणूस पहिल्या दोराने फक्त कप्पी वर नेतो आणि तार दुसऱ्या दोराने कप्पीतून चढवतो. हा दुसरा दोर दोन्ही टोकं जमिनीवर येतील एवढा लांब ठेवायचा, म्हणजे तार तुटली तरी दोर खाली ओढून नवी तार चढवता येते. पुन्हा गलोल काढावी लागत नाही.

दोराचा धर्मही पाहावा लागतो. बाजारात सगळ्यात स्वस्त मिळणारी पॉलिप्रॉपिलीनची दोरी उन्हात एक-दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होऊन तिचे धागे सुटायला लागतात. नायलॉन मजबूत, पण भिजला की ताणतो. पॉलिएस्टरचा विणलेला काळा दोर महाग पडतो, पण ऊन आणि पाऊस दोन्ही सोसतो. तारेचं टोक आणि झाड यांच्यामध्ये दोन-तीन मीटर दोर सोडावा. डायपोलच्या टोकाशी व्होल्टेज खूप असतं, ओल्या पानांत ते टोक घुसलं तर अँटेनाची जुळणी बिघडते. पावसाळ्यात वीज कडाडायच्या आधी अँटेनाची केबल संचापासून सोडून जमिनीला जोडायची, हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्या खटाटोपाचा उपयोग कुठे होतो, हे भारताने पाहिलं आहे. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली एक चमू पोर्ट ब्लेअरला पोचला होता. अंदमानातून हौशी रेडिओ बऱ्याच वर्षांनी बोलणार होता, आणि जगभरचे हॅम व्हीयू४आरबीआय हा त्या ठाण्याचा संकेत ऐकायला कान लावून बसले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. टेलिफोन बंद पडले. दूरदेशीचे संपर्क मोजण्यासाठी मांडलेलं ते ठाणं त्या दिवसापासून बेटांवरच्या माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीकडे पोचवू लागलं. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपानंतरही हॅम मंडळी संच आणि तारा घेऊन कच्छमध्ये पोचली होती. अशा ठिकाणी कोणी तयार मनोरा देत नाही. जे उभं राहिलेलं असेल, मग ती गच्ची असो, विजेविना उभा खांब असो किंवा झाड असो, त्यावरून तार न्यावी लागते, आणि तीही अंधार पडायच्या आत. ज्याने शांत दिवसात बेचक्यावर नेम धरला आहे, त्याचा हात तेव्हा थरथरत नाही. महाराष्ट्रातल्या हॅम क्लबांनी परवान्याच्या परीक्षेच्या शिकवणीत मोर्स आणि सर्किटांबरोबर एक सकाळ झाडाखाली घालवावी, असं मला मनापासून वाटतं. ही परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते. गलोल शिकायला तर तेच वय सगळ्यात चांगलं.

फील्ड डेला रविवारी दुपारी सगळं उतरवायचं असतं. उतरवतानाही घाई चालत नाही. दोराच्या ज्या टोकाला इन्सुलेटर असतो ते टोक आधी मोकळं करतात, त्यावरची प्रत्येक गाठ सोडतात, टोक चिकटपट्टीने निमुळतं करतात आणि मग दुसऱ्या बाजूने सावकाश, एकसारखं ओढतात, म्हणजे शेपूट बेचक्यात अडत नाही. जागा क्लबच्याच सभासदाची असेल, तर काही क्लब शेवटच्या दोराच्या टोकाला काळी बारीक पॉलिएस्टरची दोरी बांधून तीच वर ठेवून देतात आणि तिची दोन्ही टोकं खोडाशी सैल बांधतात. झाड शेंड्याकडून वाढतं, फांदी आहे त्या उंचीवरच जाड होत जाते. साठ फुटांवरचा बेचका दहा वर्षांनीही साठ फुटांवरच सापडतो. ती बारीक दोरी मात्र दरवर्षी तपासून बदलावी लागते.